मोठेपणी रोइंग शिकताना: जोर नंतर, आधी घाई सोडा

2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये रोइंग बरंच वेगळं दिसेल. गेली अनेक दशकं 2000 मीटरची असलेली शर्यत तिथे 1500 मीटरची होणार आहे. शिवाय वाळूवरून धावत जाऊन बोटीत बसायचं, लाटांतून बोट वळवून परत किनाऱ्याला आणायची आणि पुन्हा धावत रेषा गाठायची, असा ‘बीच स्प्रिंट’ हा प्रकारही पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये येतो आहे. त्यामुळे या खेळाबद्दल कुतूहल वाढलंय आणि त्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो: तिशी-चाळिशी उलटल्यावर, पूर्वी कधी वल्हं हातात धरलेलं नसताना, हे शिकता येईल का?

येईल. मोठेपणी शिकणाऱ्यांची अडचण बहुतेकदा ताकदीची नसते, घाईची असते. ही घाई कुठे घुसते, ती बोटीला कशी अडवते आणि ती शरीरातून कशी काढायची, हे कळलं की अर्धं रोइंग कळलं.

कायाकमध्ये आणि यात फरक काय?

कायाकमध्ये माणूस पुढे तोंड करून बसतो आणि वल्हं मोकळं हातात असतं. रोइंगमध्ये पाठ बोटीच्या दिशेकडे असते, म्हणजे आपण जिथून आलो ते दिसत असतं. वल्हं बोटीला जोडलेलं असतं आणि बसायचं आसन चाकांवर पुढे-मागे सरकतं. या तीन गोष्टींमुळे सगळा खेळच बदलतो.

थोडे शब्द एकदाच समजून घेऊ, म्हणजे पुढे अडायला नको. बोटीच्या कडेपासून बाहेर निघालेला धातूचा किंवा कार्बन फायबरचा सांगाडा म्हणजे रिगर. त्याच्या टोकाला वल्हं अडकवायची खोबण असते, ती गेट. पाय जिथे बुटांत अडकवतात ती तिरकी पाटी म्हणजे फूटस्ट्रेचर. वल्ह्याचं पाण्यात जाणारं रुंद टोक म्हणजे पातं, आणि हातात धरायचं टोक म्हणजे मूठ.

प्रत्येकाकडे दोन वल्ही असली की ते स्कलिंग. प्रत्येकाकडे एकच लांब वल्हं असलं की ते स्वीप. स्कलिंगचं वल्हं साधारण 2.9 मीटर लांब असतं, स्वीपचं 3.7 मीटरच्या आसपास. नव्याने शिकणाऱ्याने स्कलिंगपासून सुरुवात करावी हे माझं ठाम मत आहे. त्यात शरीराच्या दोन्ही बाजू सारखं काम करतात, कंबरेला पीळ बसत नाही, आणि एका हाताची चूक दुसऱ्या हाताला लगेच जाणवते.

एवढी अरुंद बोट उलटत कशी नाही?

शर्यतीची एकट्याची बोट सुमारे 8 मीटर लांब असते आणि पाण्याच्या रेषेवर तिची रुंदी जेमतेम 30 सेंटिमीटर. नियमानुसार तिचं किमान वजन 14 किलो. तळ गोल असतो, कारण गोल तळाला पाण्याचं घर्षण कमी लागतं. अशी बोट एकटी पाण्यावर सोडली आणि तुम्ही वल्ह्यांशिवाय तिच्यात बसलात, तर ती उलटणारच.

तिला सरळ ठेवतात ती वल्ही. तारेवरून चालणाऱ्याच्या हातातली लांब आडवी काठी जे काम करते, तेच काम इथे दोन्ही बाजूंना पसरलेली वल्ही करतात. म्हणून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: वल्ह्यांच्या मुठी हातातून सोडायच्या नाहीत. दोन्ही मुठी एका उंचीवर धरून पाती पाण्यावर सपाट टेकवली की अरुंद बोटसुद्धा आश्चर्य वाटावं इतकी स्थिर राहते. बोट कलली की माणूस आपोआप बाजूची कड पकडायला जातो. ही उपजत प्रतिक्रिया मोडणं हेच पहिल्या आठवड्याचं खरं काम.

बोट उजवीकडे कलली, तर उजवी मूठ खाली गेली आहे किंवा डावी वर आली आहे, असं समजा. शरीर उलट बाजूला झुकवून काही साधत नाही. मुठींची उंची सारखी करा, बोट आपसूक वर येते.

तशी शिकणाऱ्याला शर्यतीची बोट कुणी लगेच देतही नाही. सरावाच्या बोटी जास्त रुंद आणि जड असतात. समुद्रावर वापरायची एकट्याची बोट सुमारे 6 मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि निदान 35 किलोची असते. तिच्यात तोल जायची भीती फारच कमी, त्यामुळे लक्ष हालचालीवर ठेवता येतं. चारजणांच्या बोटीत तिघा अनुभवींबरोबर बसायला मिळालं तर तेही उत्तम.

एक स्ट्रोक, चार टप्पे

वल्हं एकदा मारून पुन्हा त्याच जागी येईपर्यंतची पूर्ण हालचाल म्हणजे एक स्ट्रोक. त्याचे चार भाग असतात.

पहिला कॅच. गुडघे दुमडलेले, नडग्या साधारण उभ्या, हात सरळ, धड कमरेतून थोडं पुढे झुकलेलं. पातं पाण्याशी उभं केलेलं असतं. इथे हात जरासे वर उचलायचे की पातं स्वतःच्या वजनाने पाण्यात उतरतं. ते दाबायचं नसतं. पातं पूर्ण झाकलं जाईल एवढंच खोल जायला हवं. दांडा पाण्यात बुडत असेल तर ते फार खोल गेलं.

दुसरा ड्राइव्ह, म्हणजे जोर लावण्याचा भाग. क्रम असा: आधी पाय, मग धड, शेवटी हात. पाय फूटस्ट्रेचरला ढकलत असताना धडाचा कोन तसाच राहतो आणि हात ताणलेलेच राहतात. पाय जवळजवळ सरळ झाले की धड कमरेतून मागे उघडतं. ते उभ्या रेषेच्या थोडं मागे गेलं की हात मुठींना बरगड्यांच्या खालच्या कडेपर्यंत आणतात.

तिसरा फिनिश. मुठी थोड्या खाली दाबल्या की पाती पाण्याबाहेर येतात. ती उभीच बाहेर काढायची आणि मग आडवी करायची. आडवं करण्याला फेदर करणं म्हणतात. पाण्यात असतानाच पातं फिरवलं तर ते अडकतं, त्याविषयी पुढे येईलच.

चौथा रिकव्हरी, म्हणजे परत येणं. इथे क्रम उलटा: आधी हात सरळ, मग धड पुढे, आणि मुठी गुडघ्यांपलीकडे गेल्यावरच गुडघे दुमडायचे. बहुतेक नवखे गुडघे आधी दुमडतात. मग मुठींना गुडघ्यांवरून उडी मारावी लागते, त्या वर-खाली झाल्या की पाती पाण्यावर आपटतात आणि तोल जातो.

स्कलिंगमध्ये मधल्या टप्प्यावर दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात. बहुतेक ठिकाणी डावा हात वर आणि पुढे, उजवा त्याच्या खाली आणि शरीराजवळ, असा शिरस्ता आहे. म्हणूनच डाव्या हाताकडचं गेट साधारण 1 ते 2 सेंटिमीटर उंच बसवलेलं असतं. पहिले काही दिवस बोटांच्या पेरांना नखांचे ओरखडे बसतात. नखं कापून ठेवा.

आणखी एक समज इथेच दुरुस्त करायला हवी. वल्हं मारणं म्हणजे पाणी मागे ओढणं, असं वाटतं. प्रत्यक्षात पातं पाण्यात जवळजवळ एका जागी रोवलेलं राहतं आणि बोट त्याच्या पुढे सरकते. पातं थोडं घसरतं, पण फार नाही. पाणी ओढायचं असं डोक्यात असलं की हात आधी वाकतात. पातं रोवून बोटीला पायांनी पुढे ढकलायचं आहे, हे पटलं की पाय आपोआप आधी कामाला लागतात.

परत येतानाची घाई बोटीला कशी रोखते?

बोटीचा वेग सर्वांत जास्त कधी असतो? जोर लावत असताना, असं कुणीही म्हणेल. पण तसं नाही. वल्ही पाण्याबाहेर असताना, आपण परत येत असतो तेव्हा बोट सर्वांत वेगात असते.

कारण वजनात आहे. समजा माणूस 75 किलोचा आहे, बोट 14 किलोची. आसन चाकांवर आहे, म्हणजे माणूस आणि बोट एकमेकांपासून बऱ्यापैकी मोकळे आहेत. परत येताना तुमचं 75 किलोचं शरीर बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकतं. त्याचा उलट परिणाम म्हणून हलकी बोट तुमच्याखालून पुढे धावते. पायांनी फूटस्ट्रेचर हळूच स्वतःकडे ओढून घेतल्यासारखं हे जाणवतं.

आता हीच हालचाल झपाट्याने केली तर? शरीर वेगाने मागच्या टोकाकडे जातं आणि शेवटी ते थांबवायला पाय फूटस्ट्रेचरवर जोरात आदळतात. तो धक्का बोटीच्या प्रवासाच्या उलट दिशेला बसतो. आधीच्या स्ट्रोकमध्ये कमावलेला वेग त्या क्षणी जातो. म्हणजे जास्त मेहनत करणारा माणूस स्वतःच स्वतःला ब्रेक लावत असतो. पोहणं, धावणं, सायकल अशा खेळांतून आलेल्या तंदुरुस्त लोकांना हे फार जड जातं, कारण ‘जास्त वेगाने हालचाल म्हणजे जास्त वेग’ हे त्यांच्या अंगात मुरलेलं असतं.

घाईचा दुसरा तोटाही आहे. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायला आठपट शक्ती हवी. यातून असं निघतं की एकाच स्ट्रोकमध्ये धक्क्याने कमी-जास्त होणाऱ्या वेगापेक्षा एकसारख्या वेगाने जाणारी बोट तेवढ्याच मेहनतीत लांब जाते.

मग किती हळू परत यायचं? मिनिटाला 20 स्ट्रोक मारत असाल तर एका स्ट्रोकला 3 सेकंद मिळतात. त्यातलं अंदाजे 1 सेकंद जोर लावायला आणि 2 सेकंद परत यायला. तोंडाने नाही तरी मनात मोजा: ‘एक’ म्हणताना ढकलायचं, ‘दोन-तीन’ म्हणताना यायचं. रिकव्हरीच्या शेवटच्या पाव भागात वेग वाढतो का, तिकडे खास लक्ष द्या. घाई तिथेच शिरते.

नीट जमतंय का हे ओळखायचे दोन उपाय पाण्यातच आहेत. परत येताना बोटीच्या तळाखालून बुडबुड्यांचा आवाज येतो. तो सलग यायला हवा. कॅचच्या आधी तो तुटत असेल तर बोट अडखळते आहे. दुसरं म्हणजे पात्यांमुळे पाण्यावर उमटणारे भोवरे. लागोपाठच्या दोन स्ट्रोकच्या भोवऱ्यांमधलं अंतर पाहा. जोर तेवढाच ठेवून ते अंतर वाढू लागलं, की तुम्ही खरंच सुधारताय.

व्यायामशाळेतल्या मशीनवर शिकलं तर चालेल?

सुरुवातीला चालेल, आणि हंगाम नसताना तेच करावं लागतं. मशीनवर पाय-धड-हात हा क्रम पक्का होतो आणि दम वाढतो. तोल, पातं फिरवणं आणि मुठींची उंची मात्र तिथे शिकता येत नाही. मशीनवर उत्तम वेळ देणारा माणूस बोटीत बसल्यावर पहिल्या दिवशी गोंधळतो, यात काहीच वावगं नाही.

हवेच्या मशीनच्या बाजूला 1 ते 10 आकड्यांचा एक खटका असतो. अनेकजण तो सरळ 10 वर नेतात, कारण आकडा मोठा म्हणजे व्यायाम जास्त असं वाटतं. खरं तर तो खटका फक्त पंख्यात किती हवा शिरणार ते ठरवतो. 10 वर जड, संथ बोट ओढल्यासारखं वाटतं आणि सगळा भार कमरेवर येतो. 3 ते 5 च्या दरम्यान ठेवा. तुम्ही किती जोर लावता यावर व्यायाम ठरतो, खटक्यावर नाही. मशीनच्या पडद्यावर ‘ड्रॅग फॅक्टर’, म्हणजे पंख्याला प्रत्यक्षात होणाऱ्या विरोधाचा आकडा, दिसत असेल तर तो 110 ते 130 असू द्या. धूळ साचलेल्या मशीनवर त्याच खटक्याला हा आकडा कमी येतो, म्हणून खटक्यापेक्षा हा आकडा खात्रीचा.

पडद्यावरचा मुख्य आकडा असतो 500 मीटरला लागणारा वेळ. वर सांगितलेला घनाचा नियम इथेही आहे. 500 मीटरला 2 मिनिटं 30 सेकंद या गतीला सुमारे 104 वॅट शक्ती लागते. 2 मिनिटं 15 सेकंदांना सुमारे 142. 2 मिनिटांना सुमारे 203. म्हणजे 30 सेकंद कमी करायला शक्ती जवळपास दुप्पट हवी. महिन्याभरात दोन-तीन सेकंद उतरले आणि मन खट्टू झालं, तर हा हिशेब आठवा.

पहिल्या महिन्यात आठवड्यातून तीन वेळा पुरे. 5 मिनिटं रोइंग, 2 मिनिटं विश्रांती, असं चार वेळा. स्ट्रोक मिनिटाला 18 ते 20. रोइंग करताना पूर्ण वाक्य बोलता यायला हवं; येत नसेल तर जोर कमी करा. हळूहळू विश्रांती कमी करत सलग 20 ते 30 मिनिटांवर या. स्ट्रोकची संख्या वाढवायचा मोह आवरा. कमी संख्येत चांगली गती काढणं हे जास्त कठीण आणि जास्त उपयोगाचं.

‘माझ्या हातांत ताकद नाही’, ‘माझी पाठ दुखते’

पहिली शंका लगेच मिटवता येते. स्ट्रोकमधलं सर्वांत मोठं काम मांड्या आणि नितंब करतात. हात हे बहुतेक वेळ नुसते ताणलेले दोर असतात आणि शेवटी थोडंसं ओढतात.

पाठीची शंका मात्र गंभीर आहे. रोइंगमध्ये सर्वांत जास्त दुखापती कमरेच्याच होतात. त्यामागचं कारण बहुतेकदा एकच: कंबर गोल करून पुढे वाकणं आणि त्याच अवस्थेत जोर लावणं. पुढे झुकायचं ते खुब्याच्या सांध्यातून, म्हणजे ओटीपोट मांड्यांकडे नेऊन. जमिनीवर पाय सरळ ठेवून बसा आणि पाठ ताठ ठेवून ओटीपोट पुढे झुकवून पाहा. मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतील तर कंबर लगेच गोल होईल. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचं असंच होतं. यावर उपाय तीन: फूटस्ट्रेचर एक-दोन खाचा खाली घ्या, म्हणजे खुब्यातून झुकणं सोपं जातं, पुढे येण्याची लांबी कमी करा, आणि मांडीच्या मागचे स्नायू रोज ताणा. पूर्ण लांबीचा स्ट्रोक पहिल्याच महिन्यात हवा, असा कुठलाही नियम नाही. घोटे ताठ असतील तर कॅचला टाचा थोड्या उचलल्या तरी बिघडत नाही, पण नडग्या उभ्या रेषेच्या पुढे जाऊ देऊ नका.

आणखी दोन ठिकाणी कान देऊन राहा. अंगठ्याच्या बाजूला मनगटाच्या वर दुखत असेल, सूज असेल, तर पातं फिरवताना तुम्ही मनगट वाकवताय. मूठ बोटांत आणि अंगठ्याने फिरवायची. मनगट सपाट राहतं. आणि सराव एकदम वाढवल्यानंतर बरगडीत एका ठिकाणी दुखू लागलं, खोकताना किंवा दीर्घ श्वास घेताना कळ येऊ लागली, तर रोइंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. बरगडीला बारीक तडा गेलेला असू शकतो. हृदयविकार, रक्तदाब किंवा मणक्याचा जुना त्रास असेल तर सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

तळहाताला फोड येणारच. हातमोजे घालावेसे वाटतात, पण त्यांनी मुठीची जाणीव जाते आणि पकड अधिकच घट्ट होते. फोडाचं मूळ घट्ट पकडीत आहे. मूठ बोटांच्या पेरांत लटकलेली असावी, तळव्यात आवळलेली नसावी. अंगठे मुठींच्या टोकांवर ठेवून हलकेच बाहेरच्या बाजूला दाबा, म्हणजे वल्ही गेटमध्ये घट्ट बसून राहतात. फोड फुटला तर स्वच्छ धुवून झाका आणि बोटीतून उतरल्यावर वल्ह्यांच्या मुठीही धुवा.

पाण्यावरची पहिली उतरण

बोट पाण्यात ठेवली की आधी गेटचं आडवं कुलूप आणि त्याचा स्क्रू पूर्ण बंद आहे का ते पाहा. मग हवाबंद कप्प्यांची झाकणं. बोटीच्या दोन्ही टोकांना हे कप्पे असतात आणि बोट उलटली तरी तिला तरंगत ठेवतात. झाकण उघडं राहिलं तर तिथे पाणी शिरतं. पुढच्या टोकावर रबराचा पांढरा गोळा हवाच. टक्कर झाली तर टोकदार नाकाने कुणाला भोसकू नये म्हणून तो असतो. शेवटी बुटांच्या टाचांना बांधलेल्या दोऱ्या तपासा. बोट उलटल्यावर पाय बुटातून सुटावेत यासाठी त्या असतात. नसतील किंवा जास्त सैल असतील तर त्या बोटीत बसू नका.

वल्ह्यांच्या रंगखुणांत लाल म्हणजे बोटीची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी. पण तुम्ही मागे तोंड करून बसता, त्यामुळे लाल वल्हं तुमच्या उजव्या हाताला येतं आणि हिरवं डाव्या. इथे पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे चुकतात.

बसताना दोन्ही मुठी एका हातात धरा, दुसरा हात धक्क्यावर. पाय फक्त आसनाच्या रुळांमधल्या ठरावीक पट्टीवर ठेवा. बोटीचा तळ पातळ असतो आणि चुकून त्यावर पाऊल पडलं तर तो फुटतो. आसनावर बसा, मग पाय बुटात.

आता आधी नुसते हात वापरून 20 स्ट्रोक, पाय सरळ ठेवून. मग हात आणि धड. मग अर्धी सरकण. सगळं नीट जमलं तरच पूर्ण. हात सरळ करून, धड अजून मागेच असताना दोन सेकंद थांबायचं आणि मग पुढे यायचं, हा सराव घाई मोडायला सर्वांत उपयोगी पडतो. तो कंटाळवाणा वाटतो. तरीही प्रत्येक वेळी दहा मिनिटं करा.

दर चार-पाच स्ट्रोकला मान वळवून मागे, म्हणजे बोट जिकडे चाललीय तिकडे बघायची सवय पहिल्याच दिवसापासून लावा. कधी या खांद्यावरून, कधी त्या. थांबायचं असेल तर पाती पाण्यावर सपाट टेकवा आणि मग हळूहळू उभी करत जा. एकदम उभी केली तर बोट झटका खाते.

‘क्रॅब’ म्हणजे काय आणि तो कसा सोडवायचा?

पातं पाण्यात अडकून बसणं म्हणजे क्रॅब. पातं तिरकं असताना पाण्यात गेलं, फार खोल गेलं, किंवा फिनिशला बाहेर येण्याआधीच फिरवलं, की पुढे चाललेली बोट त्याला आणखी खाली ओढते. मूठ एकदम जोराने छातीकडे येते. वेगात असाल तर ती पोटात लागू शकते किंवा माणसाला आसनावरून फेकूही शकते.

मुठीशी कुस्ती खेळू नका. चालण्याच्या वेगाने जात असाल तर जोर थांबवा, बोट मंदावू द्या आणि मूठ खाली दाबून पातं वर काढा. वेगात असाल आणि मूठ अंगावर येत असेल तर मागे आडवे व्हा आणि तिला डोक्यावरून जाऊ द्या. मुठी सोडायच्या नाहीत या नियमाला एवढाच अपवाद. एकट्याच्या बोटीत अशा वेळी दुसरं वल्हं मात्र घट्ट धरून ठेवा.

पोहता येत नसेल तर?

तर आधी पोहायला शिका. बोट कधी ना कधी उलटतेच. बऱ्याच ठिकाणी शिकवण्याआधी पोहण्याची चाचणी आणि उथळ पाण्यात मुद्दाम बोट उलटवून बाहेर येण्याचा सराव घेतात. घेत नसतील तर तुम्ही मागा. एकदा उलटून पाहिलं की निम्मी भीती जाते आणि खांदेही सैल होतात.

बोट उलटली तर तिला सोडून किनाऱ्याकडे पोहत निघू नका. बोट तरंगते, तिला धरून राहा, शक्य तेवढं अंग तिच्यावर घ्या आणि मदतीची वाट पाहा किंवा तिच्यासकट पाय मारत काठाकडे जा. पाणी थंड असेल तर हे आणखी महत्त्वाचं. 15 अंश सेल्सिअसच्या खालच्या पाण्यात पडल्यावर श्वास अनावर धापेत जातो. थंड पाण्याच्या प्रशिक्षणात 1-10-1 हा ठोकताळा शिकवतात: श्वास आवरायला 1 मिनिट, हातपाय नीट चालतील अशी 10 मिनिटं, आणि शुद्ध हरपायच्या आधी साधारण 1 तास. म्हणून थंड पाण्यात एकट्याने जायचं नाही. गडगडाट ऐकू आला की पाण्याबाहेर यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं.

उशीर झाला नाही का?

ब्रिटनच्या हेलन ग्लोव्हरने 2008 मध्ये, विशी ओलांडल्यावर रोइंग सुरू केलं आणि 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघींच्या बोटीत सुवर्णपदक जिंकलं. हे उदाहरण वारंवार दिलं जातं, पण ती आधीपासून खेळाडू होती आणि तिला खास शोधून घेतलं होतं, हे त्यात गाळू नये. सामान्य माणसाला दिलासा देणारी गोष्ट दुसरी आहे. जागतिक रोइंगमध्ये मास्टर्स गट 27 व्या वर्षापासून सुरू होतो, वयानुसार पुढे अनेक पायऱ्या आहेत, ऐंशीच्या पुढच्यांसाठीही, आणि शर्यत 1000 मीटरची असते. तिथे समवयस्कांशीच स्पर्धा असते.

आठवड्यातून दोन-तीनदा पाण्यावर गेलात तर साधारण दोन-तीन महिन्यांत सरावाच्या बोटीत एकट्याने सरळ, सलग वल्हवता येतं. अरुंद बोटीत पाती पाण्याला न लागता परत येता येणं, याला एक-दोन वर्षं लागू शकतात.

तोवर स्वतःची बोट घेऊ नका. शर्यतीच्या बोटी माणसाच्या वजनाप्रमाणे बनवलेल्या असतात. तुमच्या वजनाला न जुळणारी बोट एकतर पाण्यात खोल बसते किंवा पाण्यावर फार वर राहून डगमगते. त्याऐवजी दुसऱ्याच्या बोटीत बसताना फूटस्ट्रेचर स्वतःला जुळवून घ्यायला शिका. पाय सरळ करून फिनिशच्या अवस्थेत बसा. मुठींची टोकं बरगड्यांच्या बाहेरच्या कडेला हलकेच लागायला हवीत. मुठी पोटासमोर एकमेकींच्या फार जवळ येत असतील तर फूटस्ट्रेचर बोटीच्या पुढच्या टोकाकडे सरकवा. मुठी अंगाला न लागता दोन्ही बाजूंनी मागे निघून जात असतील तर मागच्या टोकाकडे. एक-दोन खाचांनीच फरक पडतो. आपला आकडा सापडला की तो लिहून ठेवा, म्हणजे त्याच बोटीत पुढच्या वेळी धक्क्यावरच पाटी लावून निघता येईल.